आमिश मुलखातला बाजारहाट

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातली लँकेस्टर कौंटी आणि ओहायो राज्यातली होम्स कौंटी या आमिश समाजाच्या दोन सर्वांत मोठ्या वसाहती. त्यांच्यापाठोपाठ इंडियाना राज्याच्या उत्तरेकडील एल्कहार्ट आणि लाग्रेंज कौंट्यांचा क्रम लागतो. जुन्या वळणाचे आमिश मोटार बाळगत नाहीत, वीजकंपनीची तार घरात घेत नाहीत आणि घोडागाडीने फिरतात. अशा या मुलखात दरवर्षी लक्षावधी लोक मुद्दाम खरेदीला येतात. लाकडी खुर्च्या, गोधड्या, चीज, मुरंबे, लोणची, घोड्याचा साज असे काय हवे ते इथे मिळते. हा बाजार पाहून जुना काळ इथे जसाच्या तसा टिकून राहिला, असे पाहुण्याला वाटते. वस्तुस्थिती वेगळी आहे. इथली बहुतेक दुकाने १९७० नंतरची आहेत. वाटून वाटून जमीन पुरेनाशी झाली, तेव्हा शेतकरी समाजाने पोटासाठी शोधलेली ही वाट आहे. दुकानदारीने घर मोडू नये म्हणून या समाजाने जे नियम घातले, त्यांतूनच तिला आजचे रूप आले.

आमिशांचे मूळ स्वित्झर्लंडमध्ये आहे. १५२५ साली झुरिकमध्ये कॉनराड ग्रेबेल, फेलिक्स मान्झ आणि त्यांच्या सोबत्यांनी तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा नाकारला आणि जाणत्या वयात, स्वतःच्या इच्छेने बाप्तिस्मा घेण्याचा पंथ सुरू केला. चर्च आणि राज्यसत्ता दोघांनाही हे मानवले नाही. कित्येकांना बुडवून वा जाळून मारण्यात आले. उरलेले डोंगराळ, आडबाजूच्या भागांत पांगले. शहरातले धंदे बंद झाल्याने हलक्या जमिनीवर कष्टाची शेती करणे एवढेच हाती उरले. याच पंथातले मेनो सायमन्सच्या नावाने ओळखले जाणारे लोक म्हणजे मेनोनाइट. १६९३ साली याकोब अम्मान या पुढाऱ्याने शिस्तीच्या प्रश्नावर वेगळी चूल मांडली. नियम मोडून पंथाबाहेर गेलेल्याशी जेवणखाण, व्यवहार ठेवायचा नाही, हा त्याचा आग्रह होता. त्याचे अनुयायी ते आमिश.

विल्यम पेन याला १६८१ साली पेनसिल्व्हेनियाची सनद मिळाली आणि त्याने धर्मस्वातंत्र्याचे आश्वासन दिले. अठराव्या शतकात आमिश कुटुंबे अटलांटिक ओलांडू लागली. १७३७ साली फिलाडेल्फियाला लागलेल्या ‘चार्मिंग नॅन्सी’ या जहाजातून त्यांची बरीच कुटुंबे आली. पुढे लँकेस्टरची चुनखडीवरची सुपीक जमीन त्यांनी धरली. होम्स कौंटीत ते एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पोचले. मागे युरोपात राहिलेले आमिश हळूहळू इतर पंथांत मिसळून गेले.

या शेतकऱ्यांना बाजार परका नव्हता. लँकेस्टर परिसरातल्या जर्मन भाषिक कारागिरांनी बांधलेल्या कोनेस्टोगा गाड्या, म्हणजे सहा सहा घोड्यांनी ओढायच्या बाकदार तळाच्या मालगाड्या, धान्य आणि पीठ घेऊन फिलाडेल्फियाला जात. या वाटेवर १७९५ साली सुमारे शंभर किलोमीटरचा खडीचा टोलरस्ता झाला. अमेरिकेतला तो पहिला मोठा पक्का रस्ता. लँकेस्टर शहराच्या मधल्या चौकातली मंडई १७३०च्या दशकापासून एकाच जागी भरते. आजची तिची लाल विटांची इमारत १८८९ची आहे. आसपासचे आमिश आणि मेनोनाइट शेतकरी लोणी, अंडी, कोंबड्या, भाजीपाला घेऊन शहरात जात. शहराशी त्यांचा संबंध असा ठरावीक वारी, ठरावीक मालापुरता असे. माल विकायचा आणि अंधार पडायच्या आत घर गाठायचे. आमिशांच्या स्वतःच्या धंद्यांत लोहारकी, घोड्याचा साज शिवणे आणि बग्गी बांधणे एवढेच मुख्य होते, आणि त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे शेजारपाजारचेच लोक.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यंत्रे आली तेव्हा आमिशांनी एकेका यंत्राचा वेगळा विचार केला. सरसकट नकार त्यांनी कधीच दिला नाही, ही गोष्ट त्यांच्याविषयी लिहिताना फार वेळा निसटते. पंथाचा कारभार पंचवीस-तीस ते चाळीस कुटुंबांच्या मंडळात चालतो. त्या मंडळाचे अलिखित नियम म्हणजे ‘ऑर्डनुंग’. एखादे साधन घरात आले तर कुटुंब आणि शेजार एकत्र राहील की पांगेल, या कसोटीवर ते घासले जाते. १९१०च्या सुमारास लँकेस्टरच्या आमिशांनी घरातला टेलिफोन नाकारला. दहाएक वर्षांत कंपनीच्या विजेला आणि शेतातल्या ट्रॅक्टरलाही नकार मिळाला. टेलिफोन पुढे अंगणाच्या टोकाला लाकडी खोपटात आला. तो चार-पाच घरांत मिळून असतो आणि बोलायचे असेल तर उठून तिथवर जावे लागते. बॅटरी चालते, तार चालत नाही. बाहेरच्याला ही ओढाताण वाटते. पण तारेतून हवे ते हवे तितके घरात येऊ शकते. बॅटरी मोजकीच ताकद देते आणि तिच्यावर धन्याचा ताबा राहतो.

या धोरणाची पहिली मोठी परीक्षा दुधाने घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर दूधकंपन्यांनी डब्यांतले दूध घेणे कमी केले. गोठ्यात पोलादी टाकी हवी, तिला यांत्रिक थंडावा हवा, आत दूध ढवळणारे पाते हवे, अशा अटी आल्या. लँकेस्टरच्या बिशपांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस तोडगा काढला. थंडाव्याचे यंत्र डिझेल इंजिनावर चालवायचे, पाते १२ व्होल्टच्या बॅटरीवर फिरवायचे, आणि रविवारी दूध न्यायला गाडी येऊ द्यायची नाही. कंपन्यांना एवढे दूध सोडवले नाही आणि त्यांनी रविवारची अट मानली. ओहायोत बऱ्याच आमिशांनी डबेच चालू ठेवले. डब्यातल्या दुधाला पिण्याच्या दुधाचा भाव मिळत नाही, पण चीज करायला ते चालते. होम्स कौंटीच्या रस्त्यांवर आज एवढे चीजचे कारखाने आणि त्यांना जोडलेली विक्रीची दालने दिसतात, त्याचे एक कारण हे. दुसरे कारण एकोणिसाव्या शतकात या भागात स्थायिक झालेले स्विस चीज करणारे. १९६०च्या दशकात याच भागात आल्फ्रेड गुगिसबर्ग या स्विस कारागिराने बारीक भोकांचे, सौम्य चवीचे ‘बेबी स्विस’ चीज तयार केले. आज ते अमेरिकेत सगळीकडे मिळते.

दुधाचा प्रश्न सुटला, जमिनीचा सुटणार नव्हता. आमिश घरात सहा-सात मुले ही सर्वसाधारण गोष्ट, आणि त्यांतली बहुतेक मोठी होऊन पंथातच राहतात. १९०० साली सगळ्या अमेरिकेत मिळून सुमारे पाच हजार असलेले आमिश साधारण वीस वर्षांत दुप्पट होत गेले आणि आज चार लाखांच्या घरात आहेत. लँकेस्टरची जमीन मात्र तेवढीच राहिली. उलट शहरे, घरबांधणी आणि पर्यटन यांनी तिचा भाव गगनाला भिडवला. चार मुलांना चार शेते घेऊन देणे कोणत्याही बापाला जमेनासे झाले. काही कुटुंबे स्वस्त जमिनीच्या शोधात दूरच्या राज्यांत गेली. जी राहिली, त्यांच्या मुलांपुढे कारखान्याची नोकरी होती.

आमिश वडीलधाऱ्यांना खरी धास्ती या नोकरीची होती. सकाळी जेवणाचा डबा घेऊन बाप घराबाहेर पडला की दिवसभर मुले त्याच्याविना वाढणार. गोठ्यात, शेतात त्याच्या बरोबरीने राबून जे शिकायचे ते शिकणार नाहीत. हातात रोख पगार, ठरलेली सुट्टी आणि संध्याकाळ मोकळी, हेही त्यांना धोक्याचे वाटे. इंडियानात ही वाट बऱ्याच जणांनी धरली. तिथले कितीतरी आमिश पुरुष फिरत्या घरांच्या, म्हणजे मोटारीला जोडून न्यायच्या घरांच्या कारखान्यांत कामाला लागले. २००८च्या मंदीत हे कारखाने धडाधड बंद पडले आणि त्यांची फार आबाळ झाली. लँकेस्टर आणि होम्स कौंटीत मात्र १९७० आणि १९८०च्या दशकांत वेगळा पर्याय रुजला. कोठाराच्या शेजारी शेड उभारायची, तिथे सुतारकाम, लोहारकाम, शिवणकाम सुरू करायचे, आणि दुपारचे जेवण घरच्या टेबलावरच घ्यायचे. आज मोठ्या वसाहतींत निव्वळ शेतीवर जगणारी कुटुंबे निम्म्याहून कमी आहेत. या बदलाचा सविस्तर अभ्यास डोनाल्ड क्रेबिल आणि स्टीव्हन नोल्ट यांनी १९९५ साली ‘आमिश एंटरप्राइझ’ या पुस्तकात मांडला. अमेरिकेत छोटे धंदे मोठ्या संख्येने काही वर्षांतच बुडतात, आमिशांचे त्या मानाने फारच थोडे बुडतात, असे त्यांना आढळले.

कायद्यानेही या दुकानांना हातभार लावला, पण तो सहजासहजी मिळाला नाही. म्हाताऱ्यांची आणि आजाऱ्यांची काळजी पंथाने घ्यायची, सरकारने नव्हे, अशी आमिशांची श्रद्धा असल्याने ते सामाजिक सुरक्षेचा कर भरायला तयार नव्हते. १९६१ साली करखात्याने पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या व्हॅलेंटाइन बायलर या शेतकऱ्याचे तीन घोडे जप्त केले, तेही वसंतातल्या नांगरणीच्या वेळी. देशभर बोभाटा झाला. १९६५ साली स्वतःचा धंदा असलेल्या आमिशांना या करातून सूट मिळाली. नोकरदाराला ती नव्हती, त्यामुळे स्वतःचा धंदा काढण्याकडे कल आणखी वाढला. आमिश मालकाकडे काम करणाऱ्या आमिशाला ही सूट १९८८ साली मिळाली. शिक्षणाच्या बाबतीत १९७२ साली ‘विस्कॉन्सिन विरुद्ध योडर’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आठवीनंतर मुलांना शाळेत पाठवण्याची सक्ती त्यांच्यावरून उठवली. चौदाव्या वर्षापासून मुलगा बापाच्या वा काकाच्या हाताखाली धंदा शिकतो. लाकूडकामाच्या शेडमध्ये मात्र बालमजुरीचा कायदा आड येत होता. त्यात २००४ साली दुरुस्ती झाली आणि प्रत्यक्ष यंत्र न चालवण्याच्या व इतर सुरक्षेच्या अटींवर अशा मुलांना तिथे काम करायला परवानगी मिळाली.

आमिश सुताराची शेड आत जाऊन पाहण्यासारखी असते. बाहेरच्या पडवीत डिझेल इंजिन धडधडत असते. त्यावर हवा दाबणारा पंप किंवा तेलाचा दाब देणारा हायड्रॉलिक पंप चालतो. तिथून निघालेले नळ भिंतीवरून आणि जमिनीखालून प्रत्येक यंत्रापर्यंत जातात. करवत, रंधा, घासकामाचे यंत्र ही बाजारात मिळणारीच असतात. त्यांतली विजेची मोटर काढून त्या जागी हवेवर किंवा तेलाच्या दाबावर फिरणारी मोटर बसवलेली असते. हे फेरफार करून देणे हाच कित्येक आमिश कारागिरांचा धंदा झाला आहे. उजेडासाठी छताला पारदर्शक पत्रे आणि वर गॅसचे दिवे. हिशेबाचे यंत्र बॅटरीवर. अलीकडे अनेक मंडळांनी सौरपट्ट्याही मान्य केल्या आहेत, कारण त्यांना तार लागत नाही. ओक, चेरी, हिकरीचे टेबल, कपाट, झुलती खुर्ची अशा शेडमध्ये तयार होते. एखादी शेड फक्त खुर्चीचे पाय कातते, दुसरी फक्त खण करते, तिसरी पॉलिश करते. माल पुढे आमिशेतर व्यापाऱ्याच्या दालनात जातो, आणि संगणकावरच्या मागण्या हा व्यापारीच सांभाळतो. ज्या साधनाला आमिश घरी थारा देत नाहीत, त्याचा उपयोग दुसऱ्याच्या हातून करून घेतात. याला कोणी दुटप्पीपणा म्हणतात. पण संगणक घरात नसावा एवढाच त्यांचा नियम आहे. जगात तो कोणी वापरू नये, असे ते कधीच म्हणालेले नाहीत.

बाजारातली दुसरी प्रसिद्ध वस्तू म्हणजे क्विल्ट, तीन थरांची टाके घातलेली गोधडी. ती आमिशांची प्राचीन कला समजली जाते, पण युरोपातून येताना त्यांनी ती आणली नव्हती. थंडीत ते पिसांच्या रजया पांघरत. एकोणिसाव्या शतकात शेजारच्या आमिशेतर बायकांकडून आमिश बायका क्विल्ट शिकल्या, आणि मग तिला त्यांनी स्वतःचे वळण दिले. अंगावरच्या कपड्यांना छापील नक्षी चालत नाही, म्हणून गोधडीच्या दर्शनी बाजूलाही एकरंगी कापड. लँकेस्टरच्या जुन्या क्विल्टी उत्तम लोकरी कापडाच्या असत. मध्ये एक मोठा चौकोन कोनावर उभा केलेला, भोवती रुंद पट्टे, आणि जांभळा, किरमिजी, गर्द निळा असे रंग एकमेकांशेजारी बेधडक लावलेले. नक्षी इतकी सरळ की मोकळ्या जागेत हाताने घातलेले पिसांचे, वेलींचे बारीक टाकेच खरी कारागिरी दाखवत. ओहायो-इंडियानात कापड सुती, चौकड्या लहान आणि काळा रंग जास्त.

१९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टाइन आणि गेल व्हान डर हूफ यांच्या संग्रहातल्या अमेरिकन क्विल्टी आधुनिक चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या गेल्या. कलासंग्राहकांची नजर आमिश क्विल्टींवर गेली आणि दारोदार फिरणारे दलाल लँकेस्टरला पोचले. आजीने लग्नात दिलेल्या गोधड्यांना मिळणारा भाव ऐकून घरचे चकित होत आणि त्या विकून टाकत. काही वर्षांतच जुना माल मुलखाबाहेर गेला. नव्या क्विल्टी मग गिऱ्हाइकाच्या आवडीने बनू लागल्या. फिके रंग, छापील फुले, वर शिवून लावलेली नक्षी, आणि माप अमेरिकन दुहेरी पलंगाचे. एक बाई कापड बेतते, दुसरी तुकडे जोडते, तिसरी नक्षी आखते, चौथी टाके घालते. टाके घालणारीला मजुरी मिळते ती किती यार्ड दोरा लागला यावर, आणि दोरा मोजायचा तर टाका बारीक घालण्यातच तिचा फायदा. १९८०च्या दशकात लाओसमधून निर्वासित होऊन आलेल्या ह्मोंग बायकाही या कामात आल्या. कापडावर कापड शिवून नक्षी काढण्यात त्यांचा हात पिढ्यान्‌पिढ्या बसलेला होता. लँकेस्टरच्या दुकानांत ‘आमिश’ म्हणून गेलेल्या कितीतरी क्विल्टींवर त्यांचे टाके आहेत. त्यांचे नाव मात्र चिठ्ठीवर क्वचितच आले, आणि या बाजाराच्या इतिहासातला हा अन्याय नोंदवायलाच हवा.

पर्यटन यापूर्वीच सुरू झाले होते. १९३७ च्या सुमारास ईस्ट लँपेटर भागात छोट्या शाळा मोडून मोठी शाळा बांधण्यावरून आमिशांचा सरकारशी झगडा झाला, तो वर्तमानपत्रांनी देशभर पोचवला. १९५५ साली ब्रॉडवेवर ‘प्लेन अँड फॅन्सी’ हे आमिशांवरचे संगीत नाटक आले, आणि त्याच वर्षी लँकेस्टरजवळ एक आमिश घर तिकीट लावून पाहण्यासाठी खुले झाले. १९८५च्या ‘विटनेस’ चित्रपटाने गर्दी आणखी वाढवली. फिलाडेल्फिया जवळ, न्यूयॉर्कही फार लांब नाही. मुख्य हमरस्त्याच्या कडेला मोटेल, खानावळी आणि कारखान्यांच्या मालाची दुकाने उभी राहिली. त्यांवरच्या पाट्यांवर आमिश बग्गीचे चित्र असते, मालक बहुधा आमिश नसतो. रंगीत चक्राकार ‘हेक्स’ चिन्हांच्या पाट्याही तिथे आमिश आठवण म्हणून खपतात. ती चिन्हे इथल्या लुथरन आणि रिफॉर्म्ड जर्मनांच्या कोठारांवरची. आमिशांनी ती कधी रंगवली नाहीत.

खऱ्या आमिश दुकानाला बहुधा हाताने रंगवलेली छोटी पाटी असते. तिच्यावर मालाचे नाव आणि खाली ‘रविवारी विक्री नाही’ एवढाच मजकूर. दुकान घराच्या आवारातच असल्याने वेळेचे बंधन सैल. स्वर्गारोहणाचा गुरुवार आणि नाताळचा दुसरा दिवस यांसारख्या सणांनाही ते बंद राहते. माणसांचे समोरून फोटो काढणे त्यांना आवडत नाही, कारण मूर्ती करू नये या आज्ञेत ते फोटोही धरतात. मोठ्या कुटुंबांसाठी निघालेली किराणा दुकाने पाहुण्यांच्या विशेष आवडीची आहेत. दुकानदार मैदा, ओट, शेवया, मसाले, साखर मोठ्या गोण्यांतून आणतो आणि स्वच्छ पिशव्यांत वजन करून भरतो. चिठ्ठीवर नाव, वजन, किंमत, बस. पोचे पडलेले डबे आणि मुदत जवळ आलेला माल स्वस्तात विकणारी दुकानेही आमिशांचीच जास्त. ओहायोच्या किड्रन गावात जे लेहमन यांनी १९५५ साली विजेशिवाय चालणाऱ्या वस्तूंचे दुकान काढले. कंदील, लाकडाच्या चुली, हाताने फिरवायची यंत्रे आमिशांना मिळत राहावीत, हा हेतू. १९७०च्या दशकातल्या तेलटंचाईत आणि १९९९च्या अखेरीस संगणक बंद पडण्याच्या भीतीने शहरी गिऱ्हाईकही तिथे लोटले.

मुलखातला सर्वांत गजबजलेला व्यवहार लिलावात होतो. इंडियानातल्या शिपशेवाना गावचा लिलाव १९२२ पासून चालतो, आणि त्याभोवती पुढे जुन्या-नव्या मालाचा मोठा बाजार वाढला. लँकेस्टरमध्ये फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास गावोगाव ‘मड सेल’ भरतात. बर्फ वितळून मैदानात घोट्याएवढा चिखल होतो, त्यावरून हे नाव. एका मांडवात गोधड्या, दुसरीकडे बग्ग्या आणि साज, पलीकडे घोडे, नांगर, फर्निचर, आणि एकाच वेळी चार-पाच लिलाव पुकारणारे. खायला कोंबडी आणि मक्याचे गरम सूप. जमलेला पैसा गावच्या स्वयंसेवी अग्निशामक दलाला जातो. आमिश सहसा विमा काढत नाहीत. कोठार जळाले तर सगळा समाज येऊन ते परत उभारतो. म्हणून आग लवकर विझणे त्यांना फार महत्त्वाचे, आणि दलात आमिश तरुण मोठ्या संख्येने असतात. भाजीपाल्याचा लिओला इथला लिलाव १९८५ साली सुरू झाला. थोड्या एकरांवर टोमॅटो, भोपळे, फुले काढून जगू पाहणाऱ्या कुटुंबांना त्यामुळे घाऊक गिऱ्हाईक मिळाले, आणि दुधाशिवायही छोटी शेती टिकू शकते हे दिसले.

धंदा वाढला की नवे प्रश्न उभे राहतात. काही आमिश उद्योगांची उलाढाल लाखो डॉलरवर गेली आहे, आणि शेजाऱ्याहून फार श्रीमंत होणे या समाजाला बोचते. बिशप अशा मालकाला समज देतात. काही वेळा तो धंद्याचा भाग भावांना, कामगारांना किंवा बाहेरच्याला विकून आवरता घेतो. जमिनीच्या शोधातले स्थलांतरही थांबलेले नाही. न्यूयॉर्क राज्याचा ग्रामीण भाग, केंटकी, विस्कॉन्सिन इथे गेल्या काही दशकांत नव्या वसाहती झाल्या आहेत. अशा ठिकाणी सुरुवातीला घोड्याचा साज दुरुस्त करणारा आणि कापडाचे दुकान लागते. मग पिशव्यांतला किराणा येतो, सुताराची शेड उभी राहते, आणि वस्ती पुरेशी वाढली की भाजीचा लिलाव सुरू होतो.